पात्र, वाफा आणि खाट: इंग्रजीतले ‘बेड’ आणि ‘स्ट्रीम’ कसे वाचावेत

गेल्या वैशाखात मिरज तालुक्यातले एक शेतकरी संध्याकाळी वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. हातात हळद लागवडीचं पत्रक होतं. वर इंग्रजी मजकूर, खाली त्याचं मराठी. मराठीत छापलं होतं, ‘लागवडीपूर्वी पलंग तयार करावा व पलंगावर कुजलेले शेणखत पसरावे.’ ते हसले नाहीत. पत्रकाच्या तळाशी बोट ठेवून म्हणाले, ‘सर, हे खाली औषधाचं प्रमाण दिलंय. ते तरी खरं धरू का?’

मी इंग्रजीशी ताडून पाहिलं. प्रमाण बरोबर होतं. पण ज्या कागदानं गादीवाफ्याचा, म्हणजे लागवडीसाठी उंच केलेल्या मातीच्या पट्ट्याचा, पलंग केला, त्या कागदावरच्या आकड्यावर माणूस कसा विसंबेल? इंग्रजीत तिथं ‘बेड’ होतं. सांगलीच्या हळदपट्ट्यात शेतकरी स्वतःच ट्रॅक्टरवाल्याला ‘चार फुटांवर बेड पाड’ म्हणतात. भाषांतर करणाऱ्यानं मात्र शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला आणि पुढं गेला.

मी सांगलीत संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. अकरावी-बारावीची मुलं येतात, मिरजेला नर्सिंग शिकणाऱ्या मुली येतात, कुपवाडच्या एमआयडीसीत पाळी संपवून काही जण येतात. सगळ्यांची अडचण एकच. मोठे, अवघड शब्द ते पाठ करतात; अडतात ते ‘बेड’, ‘बँक’, ‘करंट’, ‘कोर्स’, ‘स्प्रिंग’ अशा रोजच्या बारीक शब्दांपाशी. गंमत म्हणजे यातले बरेच शब्द नदीकाठचे आहेत, आणि कृष्णा तर आपल्या दारात आहे. म्हणून मी नवीन माणसाला याच शब्दांपासून सुरुवात करायला लावतो.

पहिली पायरी: आधी मराठीत करून बघा

इंग्रजी बाजूला ठेवा आणि ‘पात्र’ हा शब्द घ्या. कृष्णेचं पात्र, पूजेचं तांब्याचं पात्र, नाटकातलं पात्र, आणि ‘सदर योजनेसाठी अर्जदार पात्र आहे’. चार अर्थ झाले. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं पहिलं मराठी नाटक उभं केलं, त्या गावात ‘नाटकातली पात्रं’ म्हटल्यावर कुणी नदी शोधायला जात नाही. का जात नाही? शेजारच्या शब्दानं अर्थ आधीच ठरवलेला असतो.

‘धार’ बघा. म्हशीची धार काढतात, विळ्याला धार लावतात, पावसाची धार लागते. ‘काठ’ नदीला असतो तसाच साडीलाही असतो. ‘पाट’ शेताला पाणी देतो आणि जेवायला बसायलाही लागतो. ‘घाट’ वाईला कृष्णेच्या पायऱ्यांचा, आणि पुढं पसरणीचा डोंगरातला. हे सगळं आपण श्वास घेतल्यासारखं ओळखतो. इंग्रजी वाचतानाही हीच सवय चालू ठेवायची आहे. नवीन माणूस इंग्रजी दिसलं की ही सवय घरी ठेवून येतो आणि एका शब्दाला एकच अर्थ चिकटवतो.

घरी बसून असे दहा मराठी शब्द लिहा. प्रत्येकाचे तीन तरी अर्थ आणि प्रत्येक अर्थाचं एक वाक्य. ही पायरी पोरकट वाटते म्हणून मुलं टाळतात. टाळू नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

दुसरी पायरी: यादी लिहू नका, चित्र काढा

दोनशे पानी वही घ्या आणि एका शब्दाला एक पूर्ण पान द्या. मधोमध त्या शब्दामागचं चित्र काढा, भोवती अर्थ लिहा.

‘बेड’चं चित्र म्हणजे काहीतरी ज्यावर टेकतं, पसरतं किंवा रुजतं असा तळ. या एका चित्रातून किती फांद्या फुटतात बघा. माणूस झोपतो तो पलंग. पाणी ज्यावरून वाहतं तो नदीचा तळ, म्हणजे पात्र. समुद्राचा तळ तो ‘सी-बेड’. रोपं रुजतात तो वाफा. बागेतला फुलांचा ताटवा हाही ‘फ्लॉवर बेड’. कुपवाडला लेथवर काम करणाऱ्याला विचारा, ज्या जाड ओतीव पाट्यावर लेथचे बाकीचे भाग बसतात आणि सरकतात त्याला तो ‘लेथचा बेड’च म्हणतो. ट्रकचा हौदा, इंग्रजीत तोही बेड. खडकाचा थर बेड, आणि माती-मुरूम खणत गेल्यावर शेवटी लागणारा अखंड पाषाण म्हणजे ‘बेडरॉक’. हॉटेलच्या मेनूकार्डावर ‘ऑन अ बेड ऑफ राइस’ लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. खाली भात पसरलाय आणि वर भाजी किंवा मटण ठेवलंय, एवढंच.

वाफा आणि पलंग हे दोन्ही अर्थ इंग्रजीत हजार वर्षांपासून शेजारी शेजारी नांदताहेत. पलंगाचा अर्थ खरा आणि वाफ्याचा ओढूनताणून आणलेला, असं नाही. आपणही ‘गादीवाफा’ म्हणतोच की. त्यात गादी आली, आणि हळदीचे कंद तिच्यावर निजवले.

एक इशारा. ‘बेड’ आणि ‘बॅड’ आपल्या तोंडात एक होतात. पहिल्यात तोंड कमी उघडतं, दुसऱ्यात जबडा खाली येतो. आरशासमोर वीस वेळा म्हणा. आणि कुणी ‘बीएड झालंय का’ विचारलं तर तो शिक्षकाच्या पदवीचा प्रश्न आहे.

तिसरी पायरी: नदीवर चला

ही पायरी मला सगळ्यात जवळची, म्हणून हिला जास्त जागा देतो. रविवारी सकाळी मी मुलांना हरिपूरला नेतो. सांगलीहून चालत जाता येतं. तिथं संगमेश्वराच्या देवळाखाली कृष्णा-वारणेचा संगम आहे. उन्हाळ्यात गेलात तर दोन पाण्यांची रेघ दिसते का ते बघायला पोरं घाटाच्या शेवटच्या पायरीवर ओणवी होतात. तिथं बसून वही उघडायची.

सुरुवात उगमापासून. कृष्णेचा उगम क्षेत्र महाबळेश्वरचा. पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचं ते पाणी मानतात. आता सांगा, इंग्रजीत कृष्णेचं ‘माउथ’ कुठं आहे? नव्वद टक्के मुलं महाबळेश्वर सांगतात, कारण गोमुख डोळ्यांसमोर असतं. चूक. इंग्रजीत नदीचं ‘माउथ’ म्हणजे ती समुद्राला मिळते ते टोक. कृष्णा सुमारे १४०० किलोमीटर वाहून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते, तिचं माउथ तिथं. महाबळेश्वरला आहे तो ‘सोर्स’. भूगोलाच्या मराठी पुस्तकात ‘नदीमुख’ याच अर्थानं येतं, पण गोमुख इतकं पक्कं मनात बसलेलं असतं की परीक्षेत हात चुकतो. वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

‘सोर्स’चं मूळ लॅटिनमधल्या ‘वर येणं’ या क्रियापदात आहे. बातमीतले ‘सोर्सेस’ म्हणजे सूत्रं, आणि उत्पन्नाचा सोर्स म्हणजे मार्ग. जिथून काही वर येतं, बाहेर पडतं, ते ठिकाण.

‘स्प्रिंग’ही तसाच. चित्र एकच, दबलेलं काहीतरी उसळून वर येतं. जमिनीतून पाणी उसळलं की झरा, झाडाला पालवी उसळली की वसंत, दाबलेली तार उसळली की आपली पेनातली स्प्रिंग, आणि क्रियापद म्हणून घेतलं तर उडी मारणं. चार अर्थ पाठ करायची गरजच उरत नाही.

मग ‘बँक’. ‘द रिव्हर बर्स्ट इट्स बँक्स’ हे वाक्य मी फळ्यावर लिहितो. एका मुलानं एकदा ‘नदीने बँका फोडल्या’ असं लिहून दिलं होतं. त्याला मी म्हटलं, तू २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात कुठं होतास? सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथं इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. तेव्हा घरातली माणसं काय म्हणत होती? ‘नदीनं पात्र सोडलं.’ तेच हे वाक्य. इंग्रज नदी काठ फोडते, आपली नदी पात्र सोडते, पाणी तेच. असं आपल्या भाषेतलं तयार वाक्य सापडलं की समजायचं, अर्थ नीट कळला. शब्दाला शब्द ठेवून ते कधीच सापडत नाही.

नदीची बँक आणि पैशांची बँक यांचं नातं लांबचं आहे. नदीची बँक म्हणजे उंचवटा, उतार. तो शब्द उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून आला. पैशांची बँक इटलीच्या सराफांच्या बाकावरून आली, ज्या बाकावर बसून ते नाणी बदलून देत. वाक्यात नदी, पूर, गवत, होडी असेल तर काठ. खातं, कर्ज, व्याज असेल तर पेढी. आणि ‘बँक ऑन समवन’ म्हणजे कुणावर तरी विसंबणं.

काठाबाबत आणखी एक नियम, जो कालव्याच्या कागदपत्रांत रोज लागतो. डावा आणि उजवा काठ ठरवताना पाणी जिकडं जातं तिकडं तोंड करून उभं राहायचं. आयर्विन पुलावर तसं उभं राहिलात तर सांगली डाव्या हाताला, सांगलीवाडी उजव्या हाताला. धोम धरणाचा डावा कालवा, उजवा कालवा असाच ठरतो. पाणी जिकडून येतं ती बाजू ‘अपस्ट्रीम’, पाणी पुढं जातं ती ‘डाउनस्ट्रीम’.

‘करंट’साठी मराठीचा एक शब्द जणू बनवूनच ठेवलाय: चालू. ‘करंट’चं मूळ धावणं, वाहणं. नदीतला करंट म्हणजे ओढ. तारेतला करंट म्हणजे वीजप्रवाह. करंट अकाउंट म्हणजे चालू खातं, करंट अफेअर्स म्हणजे चालू घडामोडी. फक्त एक चूक टाळा. आपण ‘करंट बसला’ म्हणतो, पण इंग्रजीत तिथं ‘शॉक’ म्हणतात. लाइट गेली की ‘पॉवर’ जाते, ‘करंट’ जात नाही. आणि ऐकायला तसाच पण वेगळ्या स्पेलिंगचा एक करंट बिनबियांची बारीक मनुका असतो. ग्रीसच्या कॉरिंथ शहराच्या नावावरून तो आला. तासगावच्या बेदाण्याला मात्र इंग्रजीत ‘रेझिन’ म्हणतात, करंट नव्हे.

‘कोर्स’ त्याच धावण्याच्या मुळाचा. नदीचा मार्ग, अभ्यासक्रम, औषधाचा कोर्स, जेवणातली एक वाढणी, भिंतीतला विटांचा एक थर, शर्यतीचं मैदान. सगळीकडं एका रेषेत पुढं सरकणं आहे. गवंड्याच्या इंग्रजी नकाशात ‘कोर्स’ दिसला तर तो विटांचा थर मोजतोय.

थोडं मुळाकडं

नवीन वाचकानं शब्दांची मुळं शोधत बसू नये असं काही शिक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. एखादं मूळ असं हाती लागतं की शब्द जन्मभर विसरत नाही. ‘रायव्हल’ म्हणजे प्रतिस्पर्धी हे सगळ्यांना माहीत आहे. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा शेजारी. चारीच्या पाण्यावरून ज्यांनी रात्री कंदील घेऊन बांधावर पहारा दिलाय, त्यांना हे समजवावं लागत नाही. कृष्णेच्या पाण्यासाठी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यासाठी १९६९ साली लवाद नेमावा लागला. तिथंही तेच, एक प्रवाह आणि भागीदार अनेक. ‘डिराइव्ह’ या शब्दातही तोच ओढा आहे, प्रवाहातून पाणी वळवून घेणं. पण ‘रिव्हर’ला या कुळात घालू नका; तो ‘काठ’ या अर्थाच्या दुसऱ्या लॅटिन शब्दातून आलाय. ‘अराइव्ह’ त्याचा भाऊ, म्हणजे काठाला लागणं.

चौथी पायरी: ‘स्ट्रीम’ नाव आहे की काम, ते बघा

नाम म्हणून ‘स्ट्रीम’ म्हणजे ओढा, ओहोळ, प्रवाह. भूगोलाच्या पुस्तकात तर कुठलंही वाहतं पाणी स्ट्रीमच, ओघळीपासून मोठ्या नदीपर्यंत. क्रियापद म्हणून आला की धारा लागतात. डोळ्यांतून पाणी, स्टेशनातून माणसं, मोबाइलवर क्रिकेटची मॅच. माणसं ‘स्ट्रीम’ झाली तर मराठीत ‘लोंढा’ म्हणा, ओढा म्हणू नका.

अकरावीच्या फॉर्मवर ‘स्ट्रीम’ विचारतात तेव्हा शाखा विचारतात. आपण ‘सायन्स साइड’ म्हणतो ते बोलण्यात ठीक, फॉर्मवर नको. इंग्लंडमधल्या शाळेच्या बातमीत ‘स्ट्रीमिंग’ आलं तर मुलांच्या कुवतीप्रमाणे पाडलेल्या तुकड्या समजा. कारखान्याच्या बातमीत ‘ऑन स्ट्रीम’ म्हणजे उत्पादन सुरू झालं. आणि ‘स्टीम’ वेगळा. एका अक्षराच्या घाईत ओढ्याची वाफ होते.

पाचवी पायरी: दवाखाना आणि घर

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळं नर्सिंगच्या मुलींना ‘बेड’ रोज लागतो. ‘दोनशे बेडचं हॉस्पिटल’ यात लाकूड-लोखंड मोजत नाहीत, किती रुग्ण दाखल करून घेता येतील ते मोजतात. सरकारी मराठीत त्याला ‘खाटा’ म्हणतात. ‘शी इज इन बेड’ म्हणजे ती झोपलीय किंवा आजारी आहे. ‘ऑन द बेड’ म्हणजे नुसती पलंगावर आहे, बसली असेल किंवा उभीसुद्धा. ‘मेक द बेड’ म्हणजे सुतारकाम नाही, अंथरूण नीट घालणं. या मुलींच्या अभ्यासात ‘ऑक्युपाइड बेड’ बनवणं हे एक काम असतं, म्हणजे रुग्ण झोपलेला असतानाच त्याला कुशीवर वळवून चादर बदलणं. शब्दकोश घेऊन बसलात तर हे कळणार नाही. वॉर्डात एकदा बघितलं की विसरणार नाही.

आपली ‘कॉट’ मूळची आपलीच. हिंदीतली खाट इंग्रजांनी नेली आणि ती कॉट होऊन परत आली. पण इंग्लंडमध्ये कॉट म्हणजे तान्ह्या बाळाचा कठड्याचा पलंग, अमेरिकेत घडी घालून नेता येणारी खाट. ‘लिटर’ हा शब्द त्याहून नवलाचा. मूळ फ्रेंचमधून आलेला, अर्थ बिछाना. त्यातून रुग्ण वाहून न्यायची डोली झाली, गोठ्यात जनावराखाली पसरतात ते काड-पाचट झालं, एका विणीची पिल्लं झाली, आणि शेवटी रस्त्यावर पसरलेला कचरा झाला. पाटीवर ‘डू नॉट लिटर’ वाचताना बिछाना आठवायची गरज नाही, पण पशुवैद्यकाच्या पुस्तकात आठवावा लागेल. मापाचा ‘लीटर’ निराळाच.

सहावी पायरी: लिहिणारा कुठला, ते विचारा

ओढ्याला मराठीत तरी एक नाव कुठं आहे? ओढा, ओहोळ, ओघळ, नाला, वगळ, गावागणिक बदलतं. इंग्रजीतही तसंच. उत्तर इंग्लंडमध्ये ‘बेक’, स्कॉटलंडमध्ये ‘बर्न’, अमेरिकेच्या पूर्वेला ‘रन’ आणि ‘ब्रांच’. ‘बर्न’ पाहून भाजलं, ‘रन’ पाहून धावलं असा अर्थ लावू नका. १३१४ च्या लढाईचं बॅनॉकबर्न आणि अमेरिकन यादवी युद्धातलं बुल रन, दोन्ही ओढ्यांची नावं. ‘क्रीक’ सगळ्यात फसवा. इंग्लंडमध्ये आणि मुंबईच्या नकाशावर तो खाडी असतो. अमेरिका, ऑस्ट्रेलियात साधा ओढा. ‘ब्रुक’ म्हणजे ओढा, पण क्रियापद म्हणून आला तर खपवून घेणं; दोन्ही मुळात वेगळे शब्द, स्पेलिंग तेवढं एक झालंय. आणि आपला नाला? तो इंग्रजी शब्दकोशात ‘नला’ म्हणून कधीचाच जाऊन बसलाय, शेजारी घाटही आहे.

शेवटची पायरी: ज्याचं काम, त्याला विचारा

अर्थ कळला म्हणजे भाषांतर झालं असं समजू नका. त्या संध्याकाळी मी पत्रकावरचा ‘पलंग’ खोडून ‘वाफा’ लिहिलं आणि ते शेतकरी मान हलवू लागले. ‘नुसता वाफा नको सर. वाफा सपाट असतो, त्यात पाणी साठतं. हळदीचा गड्डा कुजंल की.’ मग त्यांनी तळहात टेबलापासून वीतभर वर धरून दाखवला, दोन्ही कडांना हात उतरता केला. ‘असा पाहिजे. पाणी सरीतनं गेलं पाहिजे, वर माती भुसभुशीत राहिली पाहिजे.’ मी ‘वाफा’च्या मागं ‘गादी’ जोडलं. त्यांनी पत्रक वाचलं, पुन्हा खालच्या औषधाच्या प्रमाणावर बोट ठेवलं, आकडा मोठ्यानं म्हटला आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.